ठेकेदार म्हणतो हार्ड लागलं, आता पुढे काय?

प्रश्न : सर, बेलतरोडीला आमचा १५०० स्क्वेअर फुटाचा प्लॉट आहे, आधी तिथे शेत होतं मग ले-आउट पडलं. खाली-वर असं दोन मजली घर बांधायचं आहे. ठेकेदाराने जेसीबी लावून बारा कॉलमचे खड्डे साडेचार फूट खणले आणि म्हणतो हार्ड (म्हणजे खालचा पक्का थर) लागलं, मृगाच्या आधी फुटिंग (कॉलमखालचा रुंद काँक्रीटचा पाया) भरून मोकळे होऊ. सॉईल टेस्टचं विचारलं तर म्हणाला वीस हजार पाण्यात घालायचे असतील तर घाला. शेजारच्या घराला चार वर्षांतच तिरप्या भेगा पडल्या आहेत आणि तिथल्या काकू म्हणतात की तुमच्या मागच्या कोपऱ्यात विहीर होती, ती बुजवली. बाबा म्हणतात आपलं त्रिमूर्ती नगरचं घर तीन फुटांच्या पायावर तीस वर्षं उभं आहे, उगाच घाबरू नको. मिस्टर पुण्याला नोकरीला असतात, साईट मीच बघते. काय करू?
– एक वाचक, नागपूर

उत्तर :

ताई, आधी ठेकेदाराला फोन करा आणि पीसीसी, म्हणजे फुटिंगच्या खाली अंथरतात तो साध्या काँक्रीटचा थर, थांबवायला सांगा. काम बंद करायला नाही सांगत आहे, फक्त पीसीसी. लोहा कापणं, कव्हर ब्लॉक पाडणं, विटा उतरवणं हे सगळं चालू राहू द्या म्हणजे तोही फार ओरडणार नाही. एकदा पीसीसी पडली की खाली काय आहे ते परत कोणालाच दिसत नाही, ना तुम्हाला ना तुमच्या इंजिनिअरला, आणि प्लिंथ (जोतं) चेकिंगला जे साहेब येतात ते मापं आणि मार्जिन बघायला येतात, माती बघायला नाही. म्हणून बघायचं ते आत्ताच, खड्डे उघडे आहेत तोवर.

आता त्याच्या हार्डचं बघू. मे महिन्यात आपल्याकडे ऊन कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको, २०१३ च्या मेमध्ये तर पारा ४७.९ वर गेला होता, आणि अशा उन्हात काळी माती सुकून इतकी टणक होते की सब्बल मारली तर ठण्ण वाजते आणि हाताला झिणझिण्या येतात. जेसीबीचा दातसुद्धा तिच्यावरून घसरतो. ठेकेदार खोटंच बोलत असेल असं नाही, त्याला खरोखरच कडक लागलं असेल, पण तो कडकपणा मातीचा नाही, उन्हाळ्याचा आहे. तीच माती जुलैमध्ये अंगठ्याने दाबली जाते.

हे तपासायला लॅब लागत नाही. संध्याकाळी एका खड्ड्याच्या तळात एका बाजूला छोटा गड्डा करा, त्यात दोन-तीन बादल्या पाणी ओता आणि सकाळी जाऊन बघा. पाणी निथळून गेलं असेल, तळ खरखरीत असेल, बोटाने दाबला तर दबत नसेल, उकरलं तर दाणे दाणे सुटत असतील तर मुरूम आहे, म्हणजे झिजलेल्या दगडाचा पक्का थर. पण पाणी तसंच गढूळ उभं असेल, तळ फुगून वर आलेला असेल आणि १२ एमएमची सळाख नुसत्या हाताने वीतभर आत जात असेल तर तुम्ही अजून काळ्या मातीतच उभ्या आहात. दुसरं म्हणजे तळातलं एक ढेकूळ घ्या, ओलं करून तळहातावर वळा. सळाखेपेक्षा बारीक, ३ एमएमची वळी न तुटता झाली तर ती चिकण माती. मुरमाची वळी होत नाही, तो चुरून जातो. (आणि हो, ओला केलेला तो तळ पीसीसीच्या आधी खरवडून काढायचा आहे, तसाच ठेवायचा नाही.)

एक गंमत अजून आहे, गंमत कसली, इथेच जास्त लोक फसतात. काळ्या मातीच्या खाली बरेचदा पिवळसर, चुनखडीचे पांढरे खडे असलेली माती लागते आणि रंग बदलला की मिस्त्री म्हणतो आला मुरूम. ती पिवळी माती पण फुगणारी असू शकते. रंगावर जाऊ नका, वळी करून बघा.

आता फुगते म्हणजे काय ते. आपल्या भागातली काळी माती बेसाल्ट, म्हणजे आपला तो काळा दगड, हजारो वर्षं झिजून झालेली आहे आणि तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं जे पाणी आत ओढून घेतं आणि फुगतं, पाणी गेलं की आकसतं. उन्हाळ्यात शेतात पडलेल्या भेगा तुम्ही बघितल्याच असतील, हात जाईल एवढ्या. तेच घराच्या खाली होतं. आणि बरेच लोक समजतात की काळ्या मातीत घर खचतं, पण हलकं घर असेल तर ती त्याला वरही उचलते. मोठ्या इमारतीचं वजन तिला दाबून ठेवतं, आपल्या एक-दोन मजली घराचं वजन तेवढं नसतं. म्हणून आधी कंपाउंड वॉल फाटते, मग बाहेरचा ओटा, पायऱ्या, मागचं संडास-बाथरूम, कारण ते सगळ्यात हलके. तुमच्या शेजाऱ्यांना जाऊन विचारा की भेग मे महिन्यात रुंद होते आणि पावसाळ्यात मिटते का, दार पावसाळ्यात अडकतं आणि हिवाळ्यानंतर मोकळं होतं का. हो म्हणाले तर तुमचा अर्धा सॉईल रिपोर्ट त्यांच्या भिंतीवरच लिहिलेला आहे, फुकट.

तरी पण टेस्ट कराच. वीस हजार तुम्हाला जास्त वाटत असतील, पण घराचा खर्च किती लाख आहे ते एकदा शेजारी मांडून बघा. पण नुसता कागद घेऊ नका. बोअर मारायचं मशीन, म्हणजे रिग, प्लॉटवर न आणताच टाईप झालेले रिपोर्ट मी बघितले आहेत, त्यात शेजारच्या ले-आउटचे आकडे जसेच्या तसे होते. टेस्टच्या दिवशी तुम्ही तिथे उभ्या राहा. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पडतो आणि नळी जमिनीत जाते, त्यातले पहिले १५ सेंटिमीटर सोडून पुढचे ३० सेंटिमीटर जायला किती ठोके लागले ते मोजतात, तुम्हीही मोजा, मोबाईलवर व्हिडिओ काढा. एका प्लॉटला एक बोअर पुष्कळ होतो असं सांगतील, पण तुमच्याकडे विहिरीची भानगड आहे म्हणून दोन सांगा, एक पुढे आणि एक मागच्या बाजूला, विहिरीची जागा सोडून.

आणि लॅबला फ्री स्वेल टेस्ट करायला आवर्जून सांगा, बरेचदा ती गाळतात. साधी टेस्ट आहे, मला तर बघायला आवडते. सुकवून चाळलेली १० ग्रॅम माती मापाच्या एका काचेच्या नळीत पाण्यात टाकतात, तेवढीच दुसऱ्या नळीत केरोसीनमध्ये, आणि २४ तास ठेवतात. केरोसीनमध्ये माती फुगत नाही. समजा केरोसीनमधली माती १० मिलीच्या रेघेवर बसली आणि पाण्यातली १८ वर, तर ती ८० टक्के फुगली. ५० च्या वर गेली की फार जास्त फुगणारी समजायची. तुमच्या खड्ड्याच्या तळातली माती न्यायची बरं का, वरची नाही. हे सगळं व्हीएनआयटीसारख्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या सिव्हिल विभागात किंवा चांगल्या खाजगी लॅबमध्ये होतं, आधी विचारून घ्या.

रिपोर्टमध्ये एसबीसी म्हणून एक आकडा येईल, म्हणजे जमीन एका चौरस मीटरवर किती टन बिनधास्त पेलेल तो. आता तुमच्या ड्रॉइंगवर कोपऱ्यात बारीक अक्षरात बघा, तिथे एसबीसी आधीच लिहिलेला असेल, बहुतेक २० किंवा २५. तो कुठून आला? कुठूनच नाही, गृहीत धरला. आणि फुटिंगचं माप त्यावरच काढलेलं आहे. समजा एका कॉलमवर ४० टन येतात आणि जमीन २० टन पेलते, तर २ चौरस मीटर फुटिंग लागेल, म्हणजे साधारण ४ फूट ८ इंच बाय तेवढंच. तीच जमीन १० टनांचीच निघाली तर ४ चौरस मीटर लागेल, म्हणजे साडेसहा फूट बाय साडेसहा फूट. त्यामुळे रिपोर्ट आला की तो फाईलला लावून ठेवायचा नाही, ड्रॉइंग करणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला देऊन मापं पुन्हा काढून घ्यायची.

आता खड्डे. बारा खड्डे आहेत ना, तर बाराही बघायचे. सगळे साडेचार फूट आहेत हे ऐकून मला उलट शंका आली, कारण जमिनीखालचा मुरूम काही लेव्हल पट्टीने बसवलेला नसतो. एका टोकाला पाच फुटांवर लागेल, दुसऱ्या टोकाला आठवर. सगळे खड्डे एका मापाचे असण्यापेक्षा सगळ्यांचा तळ एकाच जातीच्या थरावर असणं महत्त्वाचं आहे. सात कॉलम मुरमावर आणि पाच काळ्या मातीवर उभे राहिले तर पावसाळ्यात पाच हलणार आणि सात जागेवर, भेग कुठे पडेल ते मी इथे बसून सांगतो. पूर्ण घर सारखं दोन इंच खाली गेलं तर एखादवेळेस कळणारही नाही, पण अर्धं गेलं तर भिंत फाटते. खोली कमी-जास्त झाली तर चालते, फक्त शेजारशेजारच्या दोन फुटिंगच्या तळात १ मीटरचा फरक असेल तर मधे आडवं अंतर निदान २ मीटर पाहिजे, हे इंजिनिअरकडून बघून घ्या.

एखाद्या खड्ड्यात दगड लागला म्हणून मिस्त्री खूश होईल. तिथेही घाई नको. आपला बेसाल्ट झिजतो तेव्हा कांद्यासारखे पापुद्रे निघत जातात आणि मधे गोल गोटा शिल्लक राहतो, मोठा, जेसीबीला न हलणारा, पण खाली सगळा भुसभुशीत. त्याच्या बाजूने सब्बल घालून बघा, चारही बाजूंनी दगड सलग आहे का. गोटा असेल तर काढायचा आणि तो खड्डा काँक्रीटने भरायचा. कुठेही जास्त खोदलं गेलं तर काँक्रीटनेच भरायचं, निघालेली माती परत टाकून धुम्मस मारायची नाही, हे मिस्त्रीला दहा वेळा सांगा कारण तो नवव्या वेळेपर्यंत ऐकत नाही. शेवटचे सहा इंच जेसीबीने नाही, हाताने खोदायचे, ते पण पीसीसीच्या दिवशीच. मधेच पाऊस आला अन् खड्डे भरले तर पंप लावून पाणी काढायचं, जेवढा तळ मऊ झाला तेवढा खरवडायचा आणि लगेच पीसीसी. चिखलावर गिट्टी टाकून तिच्यावर पीसीसी मारतात काही जण, ते नको.

विहिरीचं मला सगळ्यात जास्त टेन्शन आहे. काकूंचं ऐकून सोडून देऊ नका. तुमच्या मौज्याचा, ले-आउट पडायच्या आधीचा सातबारा काढा, खसरा नंबर तुमच्या रजिस्ट्रीत असेलच, जुन्या सातबाऱ्यावर विहिरीची नोंद बरेचदा सापडते. दुसरं, कम्प्युटरवर गूगल अर्थमध्ये जुन्या सालांचे फोटो बघता येतात, तुमचा प्लॉट शोधून मागे मागे जा, शेतातली विहीर वरून गोल ठिपक्यासारखी स्वच्छ दिसते. मग त्या कोपऱ्यात जेसीबीने एक आडवी चर मारून घ्या, दगडी बांधणी लागली की तिचा गोल फक्कीने आखून ठेवा आणि इंजिनिअरला बोलवा. बुजवलेल्या विहिरीत लोकांनी काय टाकलं असेल सांगता येत नाही, मलबा, प्लास्टिक, झाडाची खोडं, ते वर्षानुवर्षं बसत राहतं, वरून कितीही रोलर फिरवला तरी. त्या गोलात किंवा त्याच्या अगदी काठाला फुटिंग नको. कॉलम सरकवायचा, नाहीतर बाजूच्या दोन कॉलमवरून बीम काढून तो कोपरा अधांतरी घ्यायचा, नाहीतर घरच थोडं पुढे घ्यायचं. हे कागदावर आज सोपं आहे. आणि तिथे सेप्टिक टँक टाकू म्हणेल कोणीतरी, नक्की म्हणेल, त्यालाही नाही म्हणा.

समजा बघितल्यावर कळलं की मुरूम सात-आठ फुटांवर आहे, तर तिथपर्यंत जा, खर्च वाढेल पण तेच सरळ. मुरूम फारच खाली असेल तर अंडररीम पाईल करतात, रुरकीच्या सीबीआरआय या सरकारी बांधकाम संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठीच हा प्रकार तयार केला, बारीक पाईल (जमिनीत खोल ओतलेला काँक्रीटचा खांब) आणि खालच्या टोकाला तिच्या अडीच पट रुंद गोळा, जो फुगणाऱ्या थराच्या खाली जाऊन बसतो आणि घराला वर उचलू देत नाही. अशा मातीत ती निदान साडेतीन मीटर खोल नेतात कारण ऊन-पावसाचा असर साधारण तिथपर्यंत पोचतो. आणि पाईलवरचा बीम काळ्या मातीवर टेकवायचा नाही, खाली ८० एमएम मोकळी जागा सोडायची. माती फुगली तर त्या जागेत फुगेल, बीमला ढकलणार नाही.

खड्डे खोल करायचे तर मजुरांचं बघा, हे ठेकेदाराच्या भरवशावर सोडू नका. दीड मीटरच्या खाली गेलात की बाजूंना आधार द्यायचा नाहीतर उतार काढायचा, कारण सुकलेल्या काळ्या मातीत आधीच उभ्या भेगा असतात आणि अख्खा ढलपा एकदम सुटतो, पळायला वेळ मिळत नाही. निघालेली माती काठापासून दीड मीटर दूर टाकायची, आत शिडी ठेवायची, माणूस आत असताना जेसीबी काठावर आणायचा नाही. शेजाऱ्यांच्या कंपाउंडला लागून जे खड्डे आहेत ते एकदम सगळे नको, एक खणा, भरा, मग पुढचा, नाहीतर त्यांच्या भेगा तुमच्या नावावर जमा होतील. आणि आत्ताच्या आत्ता चारही बाजूंनी दोरी आणि पत्रे लावून घ्या. ले-आउटमध्ये पोरं खेळत असतात आणि पाण्याने भरलेला खड्डा वरून उथळच दिसतो.

बाबांचं म्हणणं चुकीचं नाही, फक्त ते त्यांच्या प्लॉटचं आहे. तिथे तीन फुटांवर मुरूम लागला असेल तर तीन फूट बरोबरच होते. आपल्या शहरात एका ले-आउटमध्ये रस्त्याच्या या बाजूला मुरूम वर असतो आणि त्या बाजूला पुरुषभर काळी माती. बाबांना एकदा साईटवर घेऊन या, ती बादलीची टेस्ट त्यांच्या हातूनच करून घ्या, बघा मग ते ठेकेदाराशी तुमच्यापेक्षा जास्त भांडतील.

पुढची एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो कारण तेव्हा तुम्ही विचारणार नाही. प्लिंथमध्ये भरण करताना खड्ड्यातून निघालेली काळी माती टाकायची नाही. ती साईटवरच पडलेली असते, फुकट असते, मुरमाच्या ट्रॉल्या वाचतात, म्हणून सगळे तीच ढकलतात आणि दोन पावसाळ्यांत टाईल्स मधोमध उचलल्या जातात. काळी माती बाहेर, आत मुरूम, सहा-सहा इंचाचा थर, पाणी मारून कुटाई. घराभोवती मीटरभर रुंद काँक्रीटचा पट्टा, बाहेर उतार देऊन. पन्हाळीचं पाणी पायाशी सोडायचं नाही. आणि कूलर! हे कोणी सांगत नाही. मे महिन्यात आजूबाजूची जमीन कोरडी ठक्क असते आणि खिडकीतला कूलर दिवस-रात्र एकाच कोपऱ्यात पाणी गाळत असतो, तो एकच कोपरा फुगतो. कूलरच्या खालचं पाणी पाईपने लांब काढून द्या.

राहिला ठेकेदार. तो टेस्टला का नाही म्हणतो ते समजून घ्या, त्याने तुम्हाला स्क्वेअर फुटाचा एक रेट दिला आहे आणि त्यात खोदाई, काँक्रीट सगळं आलं, म्हणजे प्रत्येक जास्तीचा फूट त्याच्या खिशातून जातो. त्याच्याशी मातीवर वाद घालू नका, पैशावर बोला. साडेचार फुटांच्या खाली जी खोदाई होईल तिचा घनफुटाला वेगळा रेट, जास्तीच्या काँक्रीटचा आणि लोह्याचा वेगळा, हे आजच कागदावर लिहून दोघांनी सही करा. आणि पायाचा हप्ता इंजिनिअरने बाराही खड्डे बघून सही केल्यावरच द्यायचा, हेही त्याच कागदावर घ्या. इंजिनिअर ठेकेदाराच्या ओळखीचा नको, फी तुम्ही द्या, आणि तो काठावरून बघून जात असेल तर त्याला चहा नंतर, आधी शिडीने आत उतरवा.